पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना वेळेची प्रिपोझिशन्स एका सूत्रात बांधून दिली जातात. घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. सूत्रामागचे कारणही सांगितले जाते: वेळ बिंदूसारखी वाटली तर ‘ॲट’, पृष्ठभागासारखी वाटली तर ‘ऑन’ आणि पोकळीसारखी वाटली तर ‘इन’. मग लगेच अपवाद सुरू होतात. सकाळ ‘इन’ घेते, पण सोमवारची सकाळ ‘ऑन’ घेते. दुपार आणि संध्याकाळ ‘इन’मध्ये बसतात, रात्र मात्र ‘ॲट’कडे जाते. विद्यार्थी हे सारे पाठ करतो आणि हा नियम भाषेच्या स्वभावातूनच आला असावा, अशी त्याची समजूत होते. पण ज्या प्रश्नावर माणसांचे पैसे, घर आणि नोकरी अवलंबून असते, त्याबद्दल हे सूत्र काहीच सांगत नाही. एखादा करार ‘फ्रॉम’ ५ तारीख म्हणतो, तेव्हा ५ तारीख त्यात धरायची की सोडायची? ‘विदिन’ एक महिना म्हणजे नेमके कोणत्या दिवसापर्यंत? इंग्रजी भाषेच्या आणि इंग्रजी कायद्याच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. वेळेच्या या छोट्या शब्दांचा काटेकोर अर्थ त्यांच्यात आधीपासून नव्हता. तो ठरवावा लागला. आणि ते काम वैयाकरणांपेक्षा घंटा-घड्याळांनी, भाडेपट्ट्यांनी आणि न्यायालयांनी केले.

आधी भाषेचा पुरावा पाहू. इंग्रजांच्या जुन्या इतिहासनोंदींचा ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ हा ग्रंथ ९ व्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात संकलित होऊ लागला आणि पीटरबरो येथील मठात त्याची नोंद ११५४ पर्यंत चालू राहिली. त्यात वर्षाच्या आधी ‘ऑन’ येतो. आज ज्या ठिकाणी ‘इन’ लिहिले नाही तर शिक्षक लाल खूण करतील, तिथे त्या काळचा इंग्रज निःशंकपणे ‘ऑन’ लिहीत होता, कारण दक्षिण इंग्लंडच्या लेखनभाषेत ‘ऑन’ हा एकच शब्द आजच्या ‘ऑन’ आणि ‘इन’ या दोघांचे काम करत असे. शिवाय अनेकदा प्रिपोझिशनची गरजच पडत नसे. मराठीत ‘दिवसा’ किंवा ‘रात्री’ म्हणताना जसा नामाच्या रूपातूनच काळाचा अर्थ निघतो, तसे जुन्या इंग्रजीतही विभक्तीचे प्रत्यय होते. रात्रपाळीच्या कामगाराबद्दल आजही इंग्रजीत ‘वर्क्स नाइट्स’ म्हणतात. त्यातला शेवटचा ‘स’ हा अनेकवचनाचा वाटतो, पण त्याचे मूळ जुन्या षष्ठीच्या प्रत्ययात आहे. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम प्रिपोझिशन्सवर येऊन पडले. ‘दिवसातून दोनदा’ यासाठी इंग्रजीत जो ‘ए डे’ येतो, त्यातला ‘ए’सुद्धा झिजलेला ‘ऑन’ आहे. लोक त्याला आर्टिकल समजू लागले ते नंतर.

ही स्थिती फार प्राचीन काळापुरती होती, असेही नाही. १६११ मध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने सिद्ध झालेले बायबलचे भाषांतर हे इंग्रजी गद्याचे मानदंड मानले गेले. त्यात ‘दिवस’ या एकाच शब्दाच्या आधी मॅथ्यूच्या शुभवर्तमानात ‘इन’ सापडतो, योहानच्या शुभवर्तमानात ‘ॲट’ सापडतो, आणि काना गावातल्या लग्नाच्या प्रसंगी तर ‘तिसऱ्या दिवशी’ हे कोणत्याही प्रिपोझिशनविना येते. भाषांतरकार त्या काळचे विद्वान होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. याचा अर्थ एवढाच, की दिवसाला ‘ऑन’च हवा, हे बंधन सुमारे ४०० वर्षांपूर्वीही पक्के झालेले नव्हते. बिंदू, पृष्ठभाग आणि पोकळी यांचे सूत्र जर भाषेच्या मुळाशी असते, तर ‘इन’ आणि ‘ऑन’ यांच्यात इतकी शतके असा मोकळा व्यवहार चालला नसता. सूत्र मागाहून आले. आधी वापर आला, आणि तोही हळूहळू स्थिर होत.

वापर स्थिर कशाने झाला, याचे एक मोठे उत्तर घड्याळ हे आहे. यांत्रिक घड्याळापूर्वीचे तास समान नव्हते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग केले जात, त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड असे. चर्चच्या प्रार्थनांच्या वेळाही अशाच सरकत्या होत्या. दुपारच्या बारा वाजण्याला आज ज्या ‘नून’ शब्दाने ओळखतात, तो मूळ लॅटिनमधल्या नवव्या तासाचा, म्हणजे साधारण दुपारी ३ चा शब्द आहे. १४ व्या शतकापर्यंत तो मध्यान्हावर येऊन स्थिरावला. त्याच शतकात इंग्लंडच्या कॅथेड्रलमध्ये घड्याळे बसू लागली. सॉल्झबरीचे घड्याळ सुमारे १३८६ चे मानले जाते. त्याला तबकडीच नव्हती; ते घंटा वाजवत असे. सूर्याचे तास आणि घड्याळाचे तास दोन्ही चालू असल्यामुळे आपण कोणत्या तासाबद्दल बोलतो आहोत हे सांगावे लागे, म्हणून ‘घड्याळाचे चार’ अशा अर्थाची रचना रूढ झाली. चॉसरच्या लेखनात ती दिसते, आणि आजचा ‘ओक्लॉक’ हा तिचाच आखडलेला अवशेष आहे. जत्रेला, प्रार्थनेला, सणाला हजर असण्यासाठी वापरला जाणारा ‘ॲट’ घंटेच्या ठोक्याला सहज चिकटला, कारण ठोका हीसुद्धा सर्वांनी मिळून ऐकलेली एक घटनाच होती. नाताळ सणाला ‘ॲट’ आणि नाताळच्या दिवसाला ‘ऑन’ हा आजचा फरक असाच समजून घेता येतो: पहिल्यात प्रसंगाकडे बोट आहे, दुसऱ्यात पंचांगातल्या दिवसाकडे.

पण ठोक्याची वेळ तरी कोणाची? १८५८ मध्ये इंग्लंडच्या एक्सचेकर न्यायालयापुढे डॉर्चेस्टर येथील एक प्रकरण आले. खटला सकाळी दहाला सुरू व्हायचा होता. न्यायाधीश न्यायालयाच्या घड्याळानुसार दहाला बसले, प्रतिवादी हजर नव्हता, आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला. प्रतिवादीची बाजू अशी, की न्यायालयाचे घड्याळ रेल्वेने आणलेल्या ग्रिनिचच्या वेळेवर होते, तर गावाच्या सूर्यवेळेनुसार अजून दहा वाजलेलेच नव्हते. दोन्ही वेळांत सुमारे १० मिनिटांचे अंतर होते. वरच्या न्यायालयाने गावाची वेळ ग्राह्य धरली आणि खटला पुन्हा चालवायला सांगितला. ‘ॲट टेन’ या शब्दांत कसलीही संदिग्धता नव्हती. व्याकरणाच्या दृष्टीने त्यापेक्षा नेमकी रचना असू शकत नाही. तरीही त्या शब्दांना दोन अर्थ निघाले. हा गुंता सुटला तो १८८० च्या कायद्याने, जेव्हा ब्रिटनमधल्या कायद्यांतली आणि दस्तऐवजांतली वेळ म्हणजे ग्रिनिचची सरासरी वेळ, असे संसदेने जाहीर केले. मुंबईकरांना हा इतिहास परका वाटू नये. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. त्या काळात दहा वाजता भेटायचे ठरवणाऱ्यांना कोणते दहा, हे विचारावेच लागत होते.

संस्था बदलली की प्रिपोझिशन बदलते, याचे एक नवे उदाहरणही आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांत स्त्रियांचे आणि अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी २ ला थांबवले. आठवड्याच्या या टोकाला सुटीचे रूप आले आणि ‘वीकएंड’ हा शब्द रुजला. १८७९ मध्ये एका नियतकालिकाने स्टॅफर्डशायर भागातला बोली शब्द म्हणून त्याची नोंद घेतली. टोक हा बिंदू, म्हणून ब्रिटिश त्याला ‘ॲट’ लावतात. अमेरिकेत पाच दिवसांचा आठवडा रुळला, फोर्डच्या कारखान्यांनी तो १९२६ मध्ये स्वीकारला, आणि शनिवार-रविवार हे दोन पूर्ण दिवस झाले. तिथे वारांप्रमाणेच ‘ऑन’ चालतो. दोघांचेही इंग्रजी शुद्धच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘फ्रॉम’कडे वळू. दिवस मोजण्याच्या दोन रीती जगात फार पूर्वीपासून आहेत. एका रीतीत दिवस वस्तूंसारखे मोजतात: आजचा पहिला, उद्याचा दुसरा, परवाचा तिसरा. दुसऱ्या रीतीत दोन दिवसांमधले अंतर मोजतात: आजपासून उद्यापर्यंत एक, परवापर्यंत दोन. रोमन लोक पहिल्या रीतीने मोजत. त्याचा एक परिणाम इतिहासात नोंदला गेला आहे. ज्युलियस सीझरने दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याची व्यवस्था केली. त्याच्या हत्येनंतर पुरोहितांनी ‘दर चौथ्या’चा अर्थ आपल्या सवयीने चालू लीप वर्ष धरून लावला आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत गेले. ही चूक ऑगस्टसला दुरुस्त करावी लागली. एका संपूर्ण साम्राज्याचे पंचांग पहिला धरायचा की सोडायचा, या एका प्रश्नावर घसरले. फ्रेंच माणूस दोन आठवड्यांना आजही पंधरा दिवस म्हणतो, वेल्श भाषेत तोच काळ पंधरा रात्रींचा आणि आठवडा आठ रात्रींचा असतो, तर इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ चौदा रात्रींचा आहे. काळ तोच, मोजणी वेगळी.

मराठी माणूसही व्यवहारात मुख्यतः पहिल्या रीतीचा आहे. सात दिवसांच्या काळाला आपण आठवडा म्हणतो. आठवडी बाजार एका मंगळवारी भरला की तो मंगळवार धरून आठव्या दिवशी पुन्हा भरतो. शिंपी ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो, तेव्हा गिऱ्हाईक पुढच्या त्याच वारी जाते आणि कोणाचाही गैरसमज होत नाही. जन्माचा दिवस पहिला धरून बाराव्या दिवशी बारसे होते. दहावा आणि तेरावाही मृत्यूचा दिवस पहिला धरूनच मोजतात. ही रीत ढिली किंवा अशास्त्रीय नाही. ती तिच्या परीने पूर्ण सुसंगत आहे. अडचण येते ती या रीतीने मोजणारा माणूस दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या इंग्रजी नोटिशीपुढे उभा राहतो तेव्हा. तिथे ‘फिफ्टीन डेज फ्रॉम’ या शब्दांचे ‘पासून पंधरा दिवस’ असे अचूक भाषांतर करूनही त्याला मुदतीचा शेवटचा दिवस कळत नाही, कारण ती माहिती मूळ इंग्रजी शब्दांतही नाही. ती कायद्याच्या इतिहासात आहे.

तो इतिहास भाडेपट्ट्यांपासून सुरू होतो. १६ व्या शतकाच्या अखेरीस आणि १७ व्या शतकात इंग्रज न्यायालयांनी शब्दागणिक अर्थ नेमण्याचा प्रयत्न केला. पट्टा ‘येथून पुढे’ असे म्हणत असेल तर तो हाती दिल्याचा दिवस धरायचा, आणि ‘दिनांकाच्या दिवसापासून’ असे म्हणत असेल तर तो दिवस सोडायचा, अशा प्रकारचे भेद कायदेपंडित एडवर्ड कोक याच्या काळातल्या निकालांत केले गेले. पुढे ‘दिनांकापासून’ आणि ‘दिनांकाच्या दिवसापासून’ यांतही फरक आहे का, यावर वाद झाले. या भेदांचा फटका कोणाला बसत होता, हे १७७७ च्या ‘प्यू विरुद्ध ड्यूक ऑफ लीड्स’ या खटल्यात स्पष्ट झाले. २१ वर्षांचा पट्टा ‘दिनांकाच्या दिवसापासून’ दिला होता. पट्टा देणाऱ्याला तात्काळ सुरू होणारे पट्टे देण्याचाच अधिकार होता, पुढे सुरू होणारे देण्याचा नव्हता. ‘फ्रॉम’ने पहिला दिवस वगळला, तर पट्टा दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे तो भविष्यातला ठरतो आणि मुळातच रद्द होतो. एका दिवसाच्या मोजणीवर २१ वर्षांचा हक्क टांगला होता. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जुने निकाल एकेक करून तपासले आणि सांगितले की ‘फ्रॉम’ हा शब्द पहिला दिवस धरणारा असू शकतो आणि सोडणाराही. संदर्भ आणि विषय पाहून, पक्षकारांचा व्यवहार टिकेल असा अर्थ घ्यायला हवा. पट्टा टिकला. अर्थ शब्दात कोरलेला आहे, ही कल्पना या निकालाने बाजूला सारली.

मग बहुतेक ठिकाणी पहिला दिवस सोडण्याची रीत का पडली? १८०८ च्या ‘लेस्टर विरुद्ध गार्लंड’ या खटल्यात न्यायाधीश सर विल्यम ग्रँट यांनी त्यामागचा विचार मांडला. मृत्युपत्रात अट होती, की मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत एक हमी लिहून द्यावी. ज्या तारखेला मृत्यू झाला, त्याच तारखेला सहाव्या महिन्यात हमी दिली गेली. मृत्यूचा दिवस धरला तर मुदत आदल्या दिवशीच संपली होती. ग्रँट यांचा रोख असा होता: कायदा दिवसाचे तुकडे करत नाही, त्यामुळे घटनेचा दिवस एक तर पूर्ण धरावा लागतो किंवा पूर्ण सोडावा लागतो. ज्याला मुदत दिली आहे, त्याला ती पूर्ण मिळायला हवी. घटनेचा दिवस धरला, तर घटनेच्या आधीचे तासही त्याच्या मुदतीतून कापले जातात, आणि रात्री उशिरा घडलेल्या घटनेत तर जवळजवळ अख्खा दिवसच जातो. म्हणून घटनेचा दिवस सोडावा. या युक्तिवादात ‘आफ्टर’ शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा, मुदत पाळायची असलेल्या माणसाच्या न्यायाचा विचार आहे. हीच रीत इतकी दृढ झाली, की १९८१ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका व्यावसायिक भाडेकरूविरुद्ध ती कठोरपणे लावली. घरमालकाची नोटीस ३० सप्टेंबरला दिली गेली होती आणि अर्ज चार महिन्यांनंतर करायचा नव्हता. सप्टेंबरचा शेवटचा दिवस म्हणून जानेवारीचाही शेवटचा दिवस चालेल, असे मानून अर्ज ३१ जानेवारीला केला गेला. मुदत ३० ला संपली होती. अर्ज एक दिवस उशिरा ठरला.

भारतात इंग्रजांनी हा सगळा अनुभव कायद्याच्या कलमांत उतरवला. १८९७ च्या सर्वसाधारण कलम कायद्याचे, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टचे, ९ वे कलम सांगते, की केंद्रीय कायद्यात मालिकेतला पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ वापरणे पुरेसे आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ वापरणे पुरेसे आहे. मुंबई प्रांताच्या १९०४ च्या कायद्यानेही तशीच तरतूद केली. मॅन्सफील्ड यांनी ज्या शब्दाला दोन्ही अर्थ संभवतात असे म्हटले होते, त्याचा एक अर्थ विधिमंडळाने नेमून दिला. पण त्याच देशातल्या १८७५ च्या सज्ञानता कायद्यात उलट रीत आहे. वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा, असे तो सांगतो. बाळ रात्री ११ ला जन्मले तरी तो दिवस त्याच्या खात्यावर जमा होतो. या रीतीचे परिणाम महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत दर वर्षी दिसतात. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून लिहिली गेली. जन्माचा दिवस धरल्यामुळे त्यांच्या वयाचे वर्ष ३१ मेच्या मध्यरात्री पूर्ण होते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, या सेवानियमानुसार ते ३१ मे रोजी निवृत्त होतात. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हाच हिशेब लावला. त्याचा जन्म २ जानेवारी १९५६ चा होता आणि १ जानेवारी १९८४ ला त्याने वयाची २८ वर्षे पूर्ण केलेली नसावीत, अशी अट होती. जन्मदिवस धरल्याने त्याची २८ वर्षे १ जानेवारीलाच पूर्ण झाली आणि तो अपात्र ठरला. मध्यरात्रीचा क्षण सरत्या दिवसाचा की येत्या दिवसाचा, या प्रश्नावर एका माणसाची नोकरी गेली.

शब्दांना स्वतःचा पक्का अर्थ असतो, या समजुतीची शेवटची कसोटी न वटलेल्या धनादेशांच्या खटल्यांत लागली. पराक्राम्य संलेख कायद्यानुसार नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि ते न दिल्यास दाव्याचे कारण ज्या तारखेला घडले, त्या तारखेच्या एका महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. इंग्रजी मसुद्यात इथे ‘फ्रॉम’ नाही, ‘ऑफ’ आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात नोटीस २९ सप्टेंबर १९९५ ला मिळाली होती. १५ दिवस १४ ऑक्टोबरला संपले, दाव्याचे कारण १५ ऑक्टोबरला घडले आणि तक्रार १५ नोव्हेंबरला दाखल झाली. १५ ऑक्टोबर धरला तर महिना १४ नोव्हेंबरला संपतो आणि तक्रार बाद होते. सोडला तर ती वेळेत आहे. न्यायालयाने तो दिवस सोडला. पुढे दुसऱ्या एका निकालामुळे या प्रश्नावर मतभेद निर्माण झाला, आणि २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाला तो मिटवावा लागला. ‘ऑफ’ हा ‘फ्रॉम’हून वेगळा आहे, म्हणून पहिला दिवस धरला पाहिजे, असा युक्तिवाद झाला होता. पीठाने तो नाकारला: अशा ठिकाणी ‘ऑफ’, ‘फ्रॉम’ आणि ‘आफ्टर’ यांचा आशय एकच असू शकतो, आणि पहिला दिवस सोडण्याची रीतच लागू आहे. शब्द वेगळा असूनही मोजणी तीच राहिली, आणि वयाच्या बाबतीत कायदा तोच देश, तीच इंग्रजी असूनही मोजणी वेगळी ठेवतो. दोन्ही उदाहरणे मिळून एकच गोष्ट सिद्ध करतात. मोजणी हेतूवर आणि ठरवलेल्या संकेतावर उभी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे वकिलांचे जग आहे. साधी माणसे ‘फ्रॉम मंडे’ म्हणतात आणि सोमवारी कामावर येतात, तिथे कसलाच गोंधळ होत नाही. हे खरे आहे, आणि ते या लेखाच्या बाजूनेच जाते. रोजच्या बोलण्यात सोमवार धरला जातो आणि कायद्यात तोच शब्द पहिला दिवस सोडतो, म्हणजे शब्दात दोन्हीला जागा आहे. शिवाय साध्या माणसांनाही ही उणीव जाणवली आहे. अमेरिकन इंग्रजीत सोमवार ते शुक्रवार सांगताना ‘टू’ऐवजी ‘थ्रू’ वापरण्याची पद्धत रूढ आहे, कारण ‘थ्रू’ने शुक्रवार निःसंशय आत येतो. ब्रिटिश कचेऱ्यांतही दोन्ही दिवस धरून, असे वेगळे लिहिण्याची रीत आहे. ज्या शब्दाला टेकू द्यावा लागतो, त्याचा अर्थ स्वयंपूर्ण नव्हता, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अर्थ जर संदर्भावर आणि हेतूवर सोडला, तर माणसाने मुदत कशी पाळायची? प्रत्येक वेळी न्यायालयात जाऊनच शेवटचा दिवस कळणार असेल, तर ती अनिश्चितता गरिबालाच जास्त जड जाते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि मॅन्सफील्ड यांच्या निकालाने सगळे प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. पण त्यावरचा उपाय शब्दांत गूढ अर्थ शोधण्याचा नाही. १८९७ च्या कायद्याने जो मार्ग घेतला तो योग्य आहे: शब्द संदिग्ध आहे हे मान्य करायचे, त्यासाठी एक संकेत जाहीर करायचा आणि तो सर्वांना सारखा लावायचा. १३ व्या शतकात हेन्री तिसऱ्याच्या राजवटीत लीप वर्षाचा जादा दिवस आणि त्याच्या आदला दिवस हे दोन्ही मिळून एकच दिवस धरावा, असे फर्मान निघाले, त्यामागेही हाच विचार होता. वर्षभराच्या मुदतीत कोणाचा तरी एक दिवस वाढू किंवा कमी होऊ नये, म्हणून सत्तेने मोजणी ठरवून दिली.

तिसरा आक्षेप व्याकरण शिकवणाऱ्यांचा असेल. बिंदू, पृष्ठभाग आणि पोकळी हे सूत्र मुलांना उपयोगी पडते. ते इतिहासाने खोटे ठरते का? उपयोगी पडते, हे मान्यच आहे. आजच्या इंग्रजीत बहुसंख्य प्रयोग त्या सूत्रात बसतात आणि परीक्षेत गुण मिळवायला ते पुरते. पण बसणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. रात्रीला ‘ॲट’ का, याचे उत्तर ते सूत्र देऊ शकत नाही. दिवसाला १६११ मध्ये तीन-तीन रचना का चालत, याचेही देऊ शकत नाही. मुलांना ते आजच्या रूढीचा सारांश म्हणून शिकवावे आणि रूढी बदलत आली आहे, हेही सांगावे. मग अपवाद पाठ करताना आपली बुद्धी कमी पडते आहे, असे कोणाला वाटणार नाही. इंग्रजीतल्या या जागा जन्माने इंग्रज असलेल्या न्यायाधीशांनाही सहज उमगलेल्या नाहीत, हे त्यांना कळायला हवे.

भारतीय प्रजासत्ताकाच्या दोन पायाभूत तारखाही या शब्दांवर उभ्या आहेत. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने १५ ऑगस्टला नुसता ‘फ्रॉम’ लावला नाही. ‘ॲज फ्रॉम’ लिहून तो दिवस आत घेतला. संविधानाच्या ३९४ व्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५० ला ‘ऑन’ लावला आणि तोच दिवस प्रारंभ म्हणून नावानिशी सांगितला. मोठ्या कायद्यांचे मसुदे करणारे इतके सावध होते, तर गावोगावच्या बँका, न्यायालये, महामंडळे आणि कचेऱ्या रोज ज्या इंग्रजी-मराठी नोटिसा काढतात, त्यांनी तर अधिक सावध असायला हवे. कंपनी कायदा सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसाठी २१ ‘क्लिअर डेज’ मागतो, म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून. हे मराठी भाषांतरात नुसते ‘२१ दिवस’ असे उतरले, तर भागधारकाचा हक्क कापला जातो. पहिला दिवस कोणता, शेवटचा कोणता, दोन्ही धरायचे की सोडायचे, हे तारखांसह लिहायला एक ओळ लागते. ती ओळ न लिहिण्याची किंमत नोटीस काढणारा मोजत नाही. ती वाचणारा, बहुतेकदा वकील न परवडणारा माणूस मोजतो. म्हणून योग्य प्रिपोझिशन निवडणे हे शुद्धलेखनाचे काम समजून थांबता येत नाही. भाषेने जे कधी ठरवले नव्हते, ते ठरवून उघडपणे लिहिणे, ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.